घरासाठी शिडाची बोट पाहताना

मुलीने आणि जावयाने शिडाची बोट घ्यायचे ठरवले आहे, असे आम्ही नात्यात सांगितले तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले. मग एकेक जण गंभीर झाला. धाकटे दीर म्हणाले, "हे श्रीमंतांचे चोचले. खोलीचे हप्ते फेडा आधी." नणंदबाईंनी तर वर्तमानपत्राचे कात्रणच पुढे केले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा माणसे गेली, त्याची ती बातमी. "एवढी मोठी लाँच बुडते, तिथे तुमच्या होडीचे काय?" या प्रश्नाला आमच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. उत्तर शोधायला पुढचे आठ महिने लागले. शिडाची बोट घेणे आपल्यातल्या फार थोड्यांच्या वाट्याला येईल, हे ठाऊक आहे. तरीही आम्ही काय पाहिले ते सांगावेसे वाटते.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको. आमच्यापैकी एकाने एकतीस वर्षे बोटीच्या कारखान्यात फायबरचे काम केले. साच्यात काचेचे कापड अंथरायचे, त्यावर राळ ओतायची, रोलर फिरवून हवा काढायची, वाळले की पुन्हा दुसरा थर. दुसरीने एकतीस वर्षे ते कामाचे कपडे धुतले आणि त्यातली काचेची कुसळे बोटांत रुतवून घेतली. आमच्या हातून गेलेल्या बोटींत आम्ही कधी बसलो नाही. पाण्यात सोडायच्या दिवशी नारळ फुटायचा, पेढे मिळायचे आणि आम्ही धक्क्यावरून घरी यायचो.

मुलगी एन.सी.सी.च्या नौदल शाखेत होती. तिथे ती वल्हे मारायला आणि शीड धरायला शिकली. आता ती लहान मुलांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवते. जावई मालवाहू जहाजावर इंजिन खात्यात आहेत, सहा महिने बाहेर आणि तीन महिने घरी. त्यांची इच्छा एवढीच, की घरी असलेल्या त्या तीन महिन्यांत आमच्या आठ वर्षांच्या नातीला घेऊन कोकण किनाऱ्याने गोव्यापर्यंत जावे. आणि आम्हालाही बरोबर न्यावे.

अंतर ऐकायला फार नाही. मुंबई ते पणजी समुद्रमार्गे सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. लहान शिडाची बोट तासाला चार-पाच मैल काटते, म्हणजे न थांबता दोन दिवस-दोन रात्री. पण घरच्या माणसांना घेऊन कोणी असे जात नाही. मुरूड, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम करत दिवसा चालायचे आणि संध्याकाळी नांगर टाकायचा. हिवाळ्यात या किनाऱ्यावर रात्री-पहाटे जमिनीकडून वारा येतो आणि दुपारी समुद्राकडून, वायव्येचा. दक्षिणेला जाणाऱ्याला तो सोयीचा. जूनपासून पावसाळा संपेपर्यंत मात्र लहान बोटीने खुल्या समुद्रात जायचे नावच काढायचे नाही.

जवळ होते बारा लाख. त्यातले चार आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला काढायला लावले. जुनी बोट घेणाराने किमतीच्या वर निम्मी रक्कम दुरुस्तीला ठेवावी, हा कारखान्यातला अनुभव. त्यामुळे बोट शोधायची ती आठ लाखांपर्यंतची.

पहिली पाहिली ती चाळीस फुटी, लाकडी. आत तीन खोल्या, पितळेच्या खिडक्या, पॉलिश असे की तोंड दिसावे. नात तर एका खाटेवर जाऊन झोपलीच. मालक घाईत होता आणि किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी होती. पण चाळीस फुटी बोट ही सत्तावीस फुटी बोटीच्या दीडपट नसते. लांबी, रुंदी, खोली तिन्ही वाढतात, म्हणून वजन तिप्पट होते. मग नांगर तेवढा जड, शीड तेवढे मोठे, रंगाचे डबे तेवढे जास्त. शिवाय आपल्या उबदार खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी अळी असते. बाहेरून छिद्र टाचणीएवढे आणि आत बोगदे. आम्ही पेचकस घेऊन पाण्याच्या रेषेखालच्या फळ्या टोचत गेलो. मागच्या बाजूला पेचकस लोण्यात शिरावा तसा शिरला. नातीला खाटेवरून उठवले आणि निघालो.

दुसरी एकतीस फुटी, फायबरची, शर्यतीसाठी बांधलेली. पांढरीशुभ्र, निमुळती. जावयांना फार आवडली. शिडाच्या बोटीच्या पोटाखाली कील असते, लोखंडाचे किंवा शिशाचे जड पाते. वाऱ्याने बोट कलली की हे वजन तिला पुन्हा उभी करते आणि बोट आडवी वाहत जात नाही. या बोटीची कील लांब आणि अरुंद होती, पाण्यात दोन मीटर खाली जाणारी. वेगासाठी ते उत्तमच. पण कोकणातल्या कित्येक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे बांध आहेत. ओहोटीला तिथे बोट टेकली तर ती एका कुशीवर पडणार.

मग आम्ही लहान हातोडी काढली. फायबर तपासायला तिच्याइतके स्वस्त हत्यार नाही. चांगल्या जागी ठोकले की खणखणीत आवाज येतो. थर सुटले असतील किंवा आतल्या हलक्या लाकडात पाणी मुरले असेल तर आवाज बसका येतो. डोलकाठीच्या बुडाभोवती हातभर जागा बसकी वाजली. कील जिथे बोटीच्या पोटाला बोल्टने जोडलेली असते तिथे गंजाची तांबडी रेघ उतरली होती. म्हणजे सांध्यात पाणी जात होते. जावई म्हणाले, "दुरुस्त करून घेऊ." आमच्यातला कारागीर म्हणाला, "दुरुस्त होईल. पण मग आठ लाखांची बोट सोळाला पडेल." जावई त्या रात्री जेवताना काही बोलले नाहीत.

मधल्या काळात दोन जोडहोड्यांची बोटही, जिला कॅटामरान म्हणतात, पाहून झाली. ती कलत नाही, पोटात जागा भरपूर, पाणी उथळ असले तरी चालते. घरच्या माणसांना घेऊन हिंडणारे पुष्कळ लोक आता तीच घेतात. पण किंमत आपल्या आवाक्याबाहेर. आणि एक गोष्ट समजून घ्यावी. कील असलेली चांगली बोट फार कलली तरी बहुधा परत उभी राहते. कॅटामरान सहजी उलटत नाही, पण उलटली तर आपण होऊन सरळ होत नाही.

या सगळ्या काळात घरातली बाई काय पाहत होती तेही सांगायला हवे, कारण बोट विकणारे तिच्याशी बोलतच नव्हते. ती पाहत होती की चालत्या बोटीत धरायला दांडे कुठे आहेत. झोपायच्या बाकाला बाहेरून कापडाचा आडोसा बांधता येतो का, म्हणजे बोट कलली तर पोर खाली पडणार नाही. स्टोव्ह झोक्यासारखा लटकता आहे का, म्हणजे चहाचे आधण अंगावर येणार नाही. सुकाणूपाशी बसायची जागा खोल आहे का, आणि तिथे लाट आली तर पाणी निघून जायला भोके आहेत का. कठड्याला जाळी बांधता येते का. पिण्याचे पाणी किती मावते. माणशी रोज चार लिटर धरले तर पाच माणसांना दहा दिवसांना दोनशे लिटर लागते. पाण्याच्या नळासमोर रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला हा हिशेब शिकवावा लागत नाही.

याच दिवसांत जावयांनी आम्हाला रॉबर्टसन कुटुंबाची खरी हकीकत सांगितली. शेती विकून हे इंग्रज शेतकरी कुटुंब १९७१ साली 'लुसेट' नावाच्या ४३ फुटी जुन्या लाकडी शिडाच्या बोटीने जगप्रवासाला निघाले. १५ जून १९७२ रोजी पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटांच्या पश्चिमेला देवमाशांच्या धडकेने बोट फुटली आणि काही क्षणांतच बुडाली. आईवडील, तीन मुलगे आणि एक तरुण सोबती, अशी सहा माणसे पाण्यावर उरली. हवेचा तराफा सतरा दिवसांत निकामी झाला. मग नऊ फुटी होडीत सहाही जण. पावसाचे पाणी आणि समुद्री कासवे यांवर ते जगले. अडतिसाव्या दिवशी जपानी मच्छीमार बोटीने त्यांना उचलले. सहाही जण वाचले. ऐकून नणंदबाईंनी कानाला हात लावला. आम्ही मात्र कागदावर लिहून ठेवले: तराफा आणि लहान होडी ठेवायला, आणि घाईत झटकन सोडायला, जागा पाहिजे.

तिसरी बोट पाहायला आम्ही नाखुशीनेच गेलो. सत्तावीस फुटी, १९७०च्या दशकातली, विलायतेहून आलेली. रंग उडालेला, नाक बोथट. तिला एकाऐवजी दोन आखूड कील होत्या, दोन बाजूंना. ओहोटीला चिखलात ती दोन पायांवर उभी राहते. पाण्यात खाली जाते जेमतेम मीटरभर. मुंबईसारख्या, जिथे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, तिथे हा मोठा गुण. दर ओहोटीला तळ खरवडता येतो, क्रेनचे पैसे वाचतात. तिचा दोष म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर ती मंद चालते आणि थोडी बाजूला सरकते.

हातोडी पूर्ण बोटभर फिरवली, सगळीकडे खणखणीत. त्या काळात फायबरचे थर जाड घालत. तळाला बारीक फोड आले होते. ते घासून, वाळवून भरता येतात. इंजिन थंड असताना दुसऱ्या फटक्यात सुरू झाले. त्याचे तेल काळे होते, पण दुधाळ नव्हते. दुधाळ असते तर आत पाणी गेले असे समजायचे. डोलकाठीच्या तारा मात्र जुन्या होत्या. दहा-पंधरा वर्षे झाली की त्या वरून चकचकीत दिसल्या तरी बदलाव्यात. तो खर्च धरून मालकाने साडेसहा लाखांत दिली.

तरी आम्ही होकार दिला नव्हता. आमचा एक प्रश्न उरला होता. जावई चालत्या बोटीतून पाण्यात पडले, तर मुलगी एकटीने काय करील? तिने तेव्हाच करून दाखवायचे ठरवले. जावयांना खाली बसवून ठेवले. तिने एकटीने शीड उतरवले, इंजिन लावले, बोट वळवून आणली. मग पाण्याने भरलेले वीस लिटरचे चार कॅन दोरीने एकत्र बांधून बाहेर सोडले. ऐंशी किलो, म्हणजे एक माणूस. कप्प्यांची दोरी लावून, ओढत, थांबत, तिने ते वर घेतले. बोटीचा काठ बुटका होता म्हणून जमले. चाळीस फुटीवर जमले नसते. दीर धक्क्यावर उभे राहून पाहत होते. ते हसले नाहीत.

बाईमाणसाला हे झेपेल का, असे विचारणाऱ्यांना मुलगी वाद घालत नाही. गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून २०१७-१८ साली नौदलाच्या सहा महिला अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. त्याच बोटीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच २०२४-२५ साली पुन्हा जग फिरून आल्या. त्यांचा फोटो तिने स्वयंपाकघरात लावला आहे, एवढेच.

बोट घेतली. आमच्या अटी तीन. नातीने आधी महापालिकेच्या तलावात पोहायला शिकायचे. ती शिकली. डेकवर यायचे ते जॅकेट घालून आणि दोरीने बोटीला बांधूनच, घरातल्या थोरल्यांनीसुद्धा. आणि निघायच्या आदल्या रात्री हवामानाचा अंदाज वाईट असेल तर सुट्टी किती उरली आहे याचा विचार करायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात मुरूडपर्यंत जाऊन आलो. इंजिन बंद करून शीड भरले तेव्हा एकदम शांत झाले, फक्त बोटीच्या अंगाला पाणी घासल्याचा आवाज. आमच्यातल्या कारागिराने बराच वेळ आतून फायबरच्या भिंतीवर तळहात ठेवला होता. त्याची बायको म्हणाली, "कुणी घातले असतील हे थर?" विलायतेतला कुणी कामगार असणार. त्याच्याही बायकोच्या बोटांत कुसळे गेली असतील.

आपल्यातले बहुतेक वाचक वर्षातून एकदा मुलांना घेऊन लाँचमध्ये बसतात, तेवढाच समुद्र. त्यांनीही चढताना पाहावे. जॅकेट माणशी एक आहे का आणि ते हाताला लगेच येते का, गर्दी किती आहे, उतरायची वाट मोकळी आहे का. विचारायला संकोच करू नये. खलाशी रागावला तर रागावू द्यावा आणि पुढच्या लाँचने जावे.

यंदा दिवाळीनंतर गोव्याला निघणार आहोत. दीरांनी विचारले आहे, सहावा माणूस मावेल का. पाण्याचा हिशेब पुन्हा मांडायला घेतला आहे.