एकाच पायरीवर दोघी



आम्हा इंदूरकरांना बर्फ माहीत आहे तो गोळ्यातला. तरीही २०१४ साली सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये झालेली महिलांची डाउनहिल शर्यत आम्हाला राहून राहून आठवते.

पायांना स्की बांधून डोंगरावरून खाली झेपावायचे, तेही एकेकटीने. शेजारी कोणी नसते, चुरस घड्याळाशी. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. १२ फेब्रुवारीला स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन आठवी सुटली आणि १ मिनिट ४१.५७ सेकंदांत खाली आली. गुडघ्यांवर नऊ शस्त्रक्रिया सोसलेली ही मुलगी सर्वांच्या पुढे होती. मग नुसते उभे राहून वाट पाहणे. एकेक जण येई, मागे पडे. एकविसावी आली स्लोव्हेनियाची टीना माझे. (होय, आडनावच ‘माझे’!) तिची वेळ: १ मिनिट ४१.५७.

सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे त्या वेगात जेमतेम वीतभर अंतर. तेवढाही फरक निघाला नाही. सुवर्णपदके दोन दिली गेली, रौप्य कोणालाच नाही, ०.१० सेकंदाने मागे राहिलेल्या लारा गुटला कांस्य. दोघी हातात हात घालून वरच्या पायरीवर चढल्या.

करिंथजवळ मोठे क्रीडासोहळे भरत, म्हणून पौलाने तिथल्या मंडळीला शर्यतीचा दाखला दिला. त्यात बक्षीस एकालाच मिळते. पण आम्हाला इथे द्राक्षमळ्याचा दाखला जवळचा वाटतो. दिवसभर उन्हात राबलेल्या मजुराला ठरलेली मजुरी पुरेपूर मिळाली होती. त्याला सलले ते शेवटच्या तासाला आलेल्याच्या हातातले तेवढेच नाणे. हा मजूर मंडळीत सर्वांच्या ओळखीचा आहे. गायनवृंदात दुसरीला एकटीने गायला मिळाले, की आपला आवाज होता तसाच असतो, तरी घास गोड लागत नाही. टीनाच्या वेळेने डॉमिनिकची वेळ तसूभरही बिघडली नव्हती.

यंदा संडे स्कूलच्या वचन पाठांतरात दोन मुलींचे गुण सारखे आले. चिठ्ठी टाका, असे कोणीतरी सुचवले. आम्ही दोन ढाली आणल्या. तिसऱ्या आलेल्या मुलीने मात्र विचारले, “दुसरं कोणीच नाही, तर मग मी दुसरी का नाही?”

सोचीचा नियम आम्ही तिला समजावून सांगितला. तिचे समाधान झालेले नाही.