बिदर, कलबुर्गी आणि शेतातली येळवस

हैदराबादेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांसाठी बिदर म्हणजे लातूरला जाताना खिडकीतून दिसणारं गाव. झहीराबादला हायवे सोडून उजवीकडे वळलं की तासाभरात बिदर येतं, पण आपण थांबत नाही. फार तर चहा. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. यावेळी मात्र मी आणि ऑफिसमधला माझा मित्र खास थांबायला, म्हणजे खरं तर खायला निघालो. २०२४ च्या डिसेंबरचा शेवटचा शनिवार, रविवार आणि सोमवारची सुट्टी. सोमवारी, ३० तारखेला, मार्गशीर्ष अमावस्या होती. लातूरकडच्या मंडळींना एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. येळवस!

मित्र कलबुर्गीचा, घरात कन्नड बोलणारा. आम्ही सात वर्षं एकाच टीममध्ये आहोत. मीटिंगमध्ये इंग्रजी, कॅन्टीनमध्ये दखनी, आणि कोड फुटला की ज्याची त्याची मातृभाषा. हैदराबादी ‘नक्को’ हे आपलंच ‘नको’ आहे, हे मी त्याला सांगितलं होतं. ‘तूप’ हे आमचंच ‘तुप्प’ आहे, हे त्याने मला.

सकाळी नऊच्या सुमारास बिदरला पोचलो. बसस्टँडजवळच्या एका लहानशा हॉटेलात त्याने ‘सुसला’ मागवला. समोर बशी आली आणि मी हसायलाच लागलो. भिजवून पिळलेले चुरमुरे, कांदा-मिरची-हळदीची फोडणी, वरून डाळ्याचं कूट, बाजूला एक मिरची भजी. अहो, हा तर आमचा सुशीला! निलंग्याच्या बसस्टँडवर लहानपणी बाबा मला हाच घेऊन द्यायचे. या पदार्थाला बाईचं नाव का, असा प्रश्न मला तेव्हा पडायचा. आता वाटतं, सुसल्याचाच कुणीतरी सुशीला केला असावा, किंवा उलटही असेल. मित्राच्या मते उलट असण्याची शक्यता शून्य.

निलंगा आणि बिदर यांचं नातं चुरमुऱ्यांपुरतं नाही. १९५६ पर्यंत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला भाषावार प्रांतरचना झाली आणि निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी तालुके मुंबई राज्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. झहीराबाद, नारायणखेड तेलुगूकडे, आणि उरलेलं बिदर म्हैसूर राज्यात. लातूर जिल्हा वेगळा झाला तो पार १९८२ मध्ये. आमची जमीन विकायला काढली तेव्हा जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात एक उर्दू कागद निघाला होता. तो वाचून घ्यायला माणूस शोधावा लागला. त्यावर गाव आमचं होतं आणि जिल्हा बिदर.

जमीन विकली, हे ओघात लिहून गेलो. पण मित्राने मला सोबत घेण्याचं तेच कारण होतं. सुसला संपवून आम्ही किल्ल्याकडे निघालो तेव्हा त्याने सांगितलं. त्यांची आळंद तालुक्यात बारा एकर जमीन आहे. मोठा भाऊ ती बघतो. आता ती विकायची बोलणी चालली आहेत. “तुम्ही विकली आहे ना? मग एकदा अण्णाशी बोल. विक म्हणू नकोस, नको विकू असंही म्हणू नकोस. नुसतं सांग, पुढे काय होतं ते.” मी म्हटलं, ही खाद्ययात्रा आहे की प्रॉडक्ट डेमो?

बिदरचा किल्ला, रंगीन महाल, महमूद गवानचा १४७२ चा मदरसा, हे सगळं पाहिलं. इराणच्या गिलानमधून आलेल्या माणसाने दख्खनमध्ये एवढं मोठं विद्यापीठ उभारलं, आणि त्याच्या निळ्या-हिरव्या फरशांचे उरलेले तुकडे अजून उन्हात चमकतात. मुलांना घेऊन नक्की जा. आम्हाला मात्र भूक लागली होती. दुपारी गुरुद्वारा नानक झीरा साहिबला गेलो. गुरू नानकांच्या पावलाशी गोड्या पाण्याचा झरा फुटला अशी तिथली श्रद्धा आहे आणि तो झरा आजही वाहतो. लंगरमध्ये पंगतीत बसलो. डाळ, रोटी, भाजी. वाढणारे सरदारजी आग्रह करत होते, अगदी आपल्याकडच्या लग्नातल्या आजोबांसारखा. शेजारी पंजाबातून आलेलं एक कुटुंब, पलीकडे बिदरच्या शाळेची पोरं.

एक गंमत सांगायची राहिली. आपल्या हैदराबादेत ‘कल्याणी बिर्याणी’च्या पाट्या दिसतात, त्यांचा मुंबईजवळच्या कल्याणशी संबंध नाही. बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचे नवाब हैदराबादेत येऊन राहिले, त्यांच्या हवेलीतून ती निघाली असं सांगतात. म्हणजे चालुक्यांच्या राजधानीचं नाव, बसवण्णांचं गाव, आणि त्याच नावाची म्हशीच्या मांसाची बिर्याणी! इतिहासाला पथ्यपाणी माहीत नसतं.

संध्याकाळी हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि रात्री कलबुर्गी गाठलं.

रविवारी गाणगापूर. आजीकडून इतकं ऐकलं होतं की रस्ता पाठ असल्यासारखं वाटत होतं. भीमा-अमरजेचा संगम, मठातल्या निर्गुण पादुका, आणि दुपारची माधुकरी. दत्तगुरू माध्यान्हीला कोणत्याही रूपात इथे भिक्षेला येतात, या श्रद्धेने लोक अन्न शिजवून वाटतात, आणि तेच लोक झोळी घेऊन पाच घरी मागतातही. देणारा आणि मागणारा एकच. मी मागितली. आधी लाज वाटली, हे खरं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून फिरणारा माणूस, तिथे उपरण्याची झोळी करून ‘भिक्षां देहि’ म्हणायला पहिल्या दारात आवाज फुटेना. तिसऱ्या दारात एका बाईंनी भाकरीचा चतकोर आणि वर भाजी घातली आणि माझ्याकडे न बघता पुढच्याला वाढलं. हे न बघणं मला फार आवडलं. मित्राने मात्र तासाभराच्या अंतरावर आयुष्य काढूनही कधी माधुकरी मागितली नव्हती. “ते तुम्ही महाराष्ट्रातले लोक करता,” म्हणाला. प्रसादाच्या दुकानदाराने माझ्याशी मराठीत आणि त्याच्याशी कन्नडमध्ये हिशेब केला, मध्ये श्वासही न घेता.

रात्री कलबुर्गीत खानावळ. हा शब्द कन्नड पाट्यांवर असाच्या असा असतो, ‘खानावळि’. २०१४ मध्ये सरकारी कागदावर गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, पण जेवणाचं ताट तेच आहे. ज्वारीची भाकरी, म्हणजे ‘जोळद रोट्टी’, दोन प्रकारची. तव्यावरून थेट आलेली ऊन, आणि वाळवलेली, पापडासारखी मोडणारी खडक रोट्टी. सोबत तेलात परतलेली भरली वांगी, ‘पुंडी पल्ले’, कच्चा कांदा, मेथीची कोवळी पानं, दही, आणि शेंगदाण्याची चटणी. या चटणीला इथे ‘शेंगा हिंडी’ म्हणतात. पुंडी म्हणजे आपली अंबाडी. आई करते तशीच, आंबट, वर लसणाची फोडणी. डाळ इथली ती प्रसिद्ध तूर. गुलबर्गा तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नुसतं वरण इतकं दाट आणि गोडसर होतं की मी वाटी तीनदा मागितली. पलीकडच्या टेबलावरच्या काकांनी पाच भाकरी खाल्ल्या. मी साडेतीन. (मांसाहाऱ्यांसाठी: सकाळी लवकर उठा आणि तहारी शोधा, मांस घालून शिजवलेला पिवळा मसालेभात. आम्ही उशिरा उठलो.)

आणि मग सोमवार. आळंदच्या रस्त्यावर जागोजागी टमटम, बैलगाड्या, मोटारसायकली, सगळ्यांवर डबे आणि टोपल्या. गाव मोकळं आणि शिवार भरलेलं. लातूरला या दिवशी रस्ते ओस पडतात आणि जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. इथे कुणी सुट्टी दिली होती का माहीत नाही, घेतली मात्र सगळ्यांनी होती. मराठी पेपरात ‘वेळा अमावस्या’ छापतात. मित्राचं म्हणणं, मूळ शब्द ‘एळ्ळ अमावास्ये’. एळ्ळु म्हणजे तीळ. त्याचं आमच्याकडे येळवस झालं, आणि कुणा शिकलेल्या माणसाने येळवस अशुद्ध वाटून ‘वेळा’ केली. मला हे पटलं. आमच्या शेतात आंबील शिंपडताना आजोबा जी आरोळी द्यायचे तिचा अर्थ घरात कुणालाच सांगता येत नसे. इथे अण्णांनी भाताचे घास आणि ताक शिंपडत तशीच आरोळी दिली आणि माझ्या अंगावर काटा आला. ती मराठी नव्हतीच कधी.

कडब्याची खोप, आत चुन्याने रंगवलेले दगड, भोवती टपोऱ्या हरभऱ्याचं रान आणि वाळत आलेली तूर. मित्राची आई, सगळे त्यांना अव्वा म्हणतात, पहाटे तीनला उठून रांधत होत्या. भज्जी हा त्या दिवसाचा राजा. नावावरून फसू नका, तळणीशी तिचा संबंध नाही. ओले हरभरे, तुरीचे कोवळे दाणे, वाटाणा, वालाचे दाणे, शेंगदाणे, मेथी, शेपू, पातीचा कांदा, चिंच, सगळं एकत्र शिजवून बेसन लावून घोटायचं. बरोबर बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, खीर आणि मडक्यातली गार आंबील. आमच्या आणि त्यांच्या भज्जीत फरक एकच: त्या मिरची जास्त घालतात. मी काय काय घातलं ते विचारत होतो, तेव्हा अव्वा म्हणाल्या, एका घरच्या भाजीने भज्जी होत नाही. वाल शेजारच्या बांधावरून आला, शेपू पलीकडून, आणि यांच्या रानातली मेथी तिकडे गेली. “ऊट माडु तम्मा,” म्हणत त्यांनी मी नको म्हणायच्या आत पुन्हा वाढलं.

जेवण झाल्यावर खोपीच्या सावलीत अण्णांनी विषय काढला. त्यांना मराठी समजतं, आळंदहून महाराष्ट्राची हद्द कितीशी दूर. त्यांनी भाव विचारला नाही. विचारलं ते हे: “विकल्यावर पहिल्या वर्षी या दिवशी काय केलं?”

मी सांगितलं. २०१३ मध्ये विकली. आजोबा गेले होते, काकांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, शेत करणारं कुणी नव्हतं. पैशांतून हैदराबादचा फ्लॅट झाला. हिशेब बरोबर होता आणि आजही आम्ही तोच निर्णय घेऊ. पहिल्या वर्षी आईने गॅसवर भज्जी केली. तुरीचे ओले दाणे मिळाले नाहीत, सुपरमार्केटमधले गोठवलेले मटार आणले. मी ऑफिसातून आल्यावर रात्री नऊला टेबलावर जेवलो. दुसऱ्या वर्षी सुट्टी नव्हती म्हणून रविवारी केली. तिसऱ्या वर्षी केली नाही.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली, आणि ती कमी खरी नव्हती. तुरीवर मर रोग पडतो, मजूर मिळत नाही, बोअरचं पाणी खोल गेलंय, दोन्ही मुलं बंगळुरूला आणि परत येणार नाहीत. पन्नाशी उलटली, पाठ दुखते. “येळवस एक दिवसाची असते,” ते म्हणाले, “उरलेले दिवस तुम्ही कुणी बघत नाही.” माझा मित्र चपलेने ढेकळं फोडत बसला होता. बोअरसाठी पैसे तो पाठवतो, पण बांधावर उभा राहतो वर्षातून एकदा. त्याने उत्तर दिलं नाही, आणि मीही नाही.

अव्वांनी आमची बोलणी ऐकली की नाही कळलं नाही. त्या डबे भरत होत्या. माझ्यासाठी एक मोठा, भज्जीचा, वर उंडे, आणि कागदात गुंडाळलेली तिळाची भाकरी. “आईला दे. मिरची कमीच आहे,” म्हणाल्या. दुसरं वाक्य सपशेल खोटं होतं.

परतताना हुमनाबादपर्यंत फारसं बोललो नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंधारात खोपींपाशी अजून दिवे दिसत होते. झहीराबादला चहाला थांबलो तेव्हा मित्र फोनवर कॅलेंडर चाळत होता.

“पुढच्या वर्षी शुक्रवारी येते,” म्हणाला. “एकोणीस डिसेंबर. रजा आत्ताच टाकून ठेव.”