मोती, शेरू आणि रकाबत

मुसलमानाच्या घरी कुत्रा म्हटले की पहिला प्रश्न पाकी-नापाकीचा येतो. कुत्र्याच्या मनात काय चालले आहे, याकडे मग कुणाचे लक्ष जात नाही. आमच्याकडेही बरीच वर्षे तसेच होते. जोगेश्वरी पूर्वेला, गुंफेच्या रस्त्यामागे, चाळीत आमची खोली आहे. दाराबाहेर ओटा. त्या ओट्यावर सात वर्षांपासून मोती आहे. मूळचा रस्त्यावरचा, कानाला नसबंदीची खाच. अम्मी कोकणातली, शाफई मसलकाची. कुत्र्याने भांड्याला तोंड लावले तर ते सात वेळा धुवायचे, त्यातले एकदा मातीने, हे तिच्या हाडीमासी भिनलेले. शेजारचे चाचा जौनपूरचे, हनफी. ते म्हणतात, लाळ नापाक खरी, पण कोरडे अंग लागले म्हणून कपडा नापाक होत नाही. मालिकी आलिम तर कुत्र्याला पाकच मानतात. या विषयावर ओट्यावर कितीतरी संध्याकाळी गेल्या. तोडगा अम्मीनेच काढला. उंबरठा ही हद्द, वाडगा वेगळा, नमाजाचे कपडे आतल्या दोरीवर. मोतीने ती हद्द कधी ओलांडली नाही.

मग एका पावसाळ्यात मुलांनी नाल्याकाठचे भिजलेले पिल्लू उचलून आणले. तो शेरू.

मोती भुंकला नाही, चावलाही नाही. कुणी शेरूच्या डोक्यावरून हात फिरवला की तो उठायचा आणि मधे आपले तोंड घालायचा. हात काढून घेतला की परत जागेवर. स्वतःची पोळी तशीच टाकून शेरूच्या रिकाम्या वाडग्यावर पहारा द्यायचा. शेरूही काही गरीब नव्हता. अंगाने भरला तसा तो आमच्या शाळेतून परतण्याच्या वेळी आधीच पायरी अडवून बसू लागला. मोतीला वाटच ठेवायचा नाही.

वर्गात आम्ही मुलांना हसद आणि रश्क यांतला फरक शिकवतो. दुसऱ्याजवळचे जावे असे वाटणे म्हणजे हसद. त्याच्यासारखे आपल्यालाही मिळावे असे वाटणे म्हणजे रश्क. मोती यांतल्या कुठल्या खान्यात बसतो? व्हिएन्नाच्या संशोधकांचा एक प्रयोग 2008च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. दोन कुत्रे शेजारी बसवून पंजा मागायचा. एकाला खाऊ द्यायचा, दुसऱ्याला काहीच नाही. वंचित राहिलेला थोड्याच वेळात पंजा देणे बंद करी. पण एकाला पाव आणि दुसऱ्याला सॉसेज दिले, तर पाववाला काही तक्रार करत नसे. म्हणजे हसद नव्हे, रश्कच म्हणायचा. माणसाला मात्र शेजाऱ्याच्या ताटातली बोटी आधी दिसते.

मायेचे गणित वेगळे आहे. 2014 साली कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टीन हॅरिस आणि कॅरोलिन प्रूवोस्ट यांनी 36 कुत्र्यांसमोर त्यांच्या मालकांना एका भुंकणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करायला लावले. कितीतरी कुत्रे मालकाला ढकलू लागले, मधे घुसू लागले. मालक पुस्तक वाचत बसला तेव्हा एवढे झाले नाही. याला मत्सर म्हणावे की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. गझलेच्या भाषेत याला रकाबत म्हणतात आणि मोतीचे मधे घातलेले तोंड पाहिल्यावर आम्हाला दुसरा शब्द सुचत नाही.

एका रात्री ती रकाबत रक्तावर गेली. शेरूचा कान फाटला. टॅक्सीवाल्याच्या विनवण्या करून त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेले, टाके घातले. चाळीत एकच सूर निघाला, दोघांतल्या एकाला आरेत सोडून या. कुणाला सोडायचे हेही ठरले होते. म्हातारा झालेल्या मोतीला. परक्या हद्दीत म्हाताऱ्या कुत्र्याचे काय होते ते सगळ्यांना ठाऊक होते. ज्या अम्मीने सात वर्षे उंबरठा राखला, तीच आडवी आली. म्हणाली, "यूसुफच्या भावांनी हसद केला आणि नाव लांडग्याचं घेतलं. बिचाऱ्या लांडग्याने काय केलं होतं? आता तुम्ही याला न्यायला निघालात."

डॉक्टरांनी सांगितले ते साधे होते. दोघे नर, त्यात माया आणि खाणे एकाच दारात. वाडगे एकमेकांना दिसणार नाहीत असे ठेवा. आधी मोतीला द्या, मग शेरूला, रोज त्याच क्रमाने. घरी आल्याआल्या लाड नकोत. दोघे शांत झाल्यावर बोला. गुरगुरल्यावर मारू नका; गुरगुरणे ही सूचना आहे, ती दाबली तर कुत्रा सूचना न देता चावतो. हे ऐकताना आम्हाला हजरत नुअमान बिन बशीर यांची हदीस आठवली. वडिलांनी एकाच मुलाला देणगी दिली, तेव्हा पैगंबर (स.) यांनी बाकीच्या मुलांनाही तितकेच दिले का, असे विचारून ती परत घ्यायला लावली. मुलांत बरोबरी हवी. कुत्र्यांत आधी कोण, नंतर कोण, एवढे पक्के हवे. घरातली मुलेच प्रथम यावर रुसली. शेरू लहान, त्याला आधी का नाही?

तीन महिने झाले. दोस्ती झालेली नाही. मोती ओट्याच्या या टोकाला, शेरू त्या टोकाला. फजरला अम्मी दार उघडते आणि आधी मोतीचे नाव घेते. शेरू घशातल्या घशात गुरगुरतो, पण जागचा हलत नाही. मग त्याचे नाव येते.