सत्त्याण्णव माणसांचा हिशेब

आमच्या सांगोले तालुक्यात सोयरीक जुळवताना कुळी, जमीन, विहिरीचं पाणी सगळं विचारून झालं की एक प्रश्न आडून यायचा: घर कुठल्या पार्टीचं? माझ्या वेळी तो विचारायची गरज पडली नाही. नाझऱ्याकडचं माझं माहेर लाल बावट्याचं, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचं, आणि महूदकडचं सासर पक्कं काँग्रेसचं. दोन्हीकडच्यांना ते पुरतं ठाऊक होतं. तरी लग्न झालं, कारण मध्यस्थ हा दोन्ही घरांना उधारीवर पेंड देणारा व्यापारी होता. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

भाई गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ साली अकराव्यांदा, हे आता साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. एसटीने फिरणारे आमदार हेही पाठ आहे, म्हणून मी ते परत सांगत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. माहेरच्या ओसरीवर काय किंवा सासरच्या काय, रात्ररात्र बोलणं चालायचं ते जिंकलेल्या अकरा निवडणुकांवर कधीच नाही. बोलणं चालायचं हरलेल्या दोनांवर.

पहिली हार १९७२ची. तेव्हा मी पाटी-पेन्सिलीच्या वयाची होते. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. बांगलादेशाच्या लढाईनंतरचे दिवस, इंदिराबाईंची लाट, त्यात लाल बावटा कसा टिकणार, असं माझे वडील, तात्या, म्हणायचे. लगेच दुष्काळ आला. आई खडी फोडायला जायची आणि आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. १९७४ला पोटनिवडणूक लागली आणि आबा परत आले. त्या वेळचा गुलाल मला आठवतो, पण खरं सांगायचं तर गुलालापेक्षा जास्त आठवतो तो तात्यांनी आणलेला चुरमुऱ्यांचा पुडा. ७८, ८०, ८५ या निवडणुका आमच्या घरात पोळ्यासारख्या आल्या आणि गेल्या. ७८ला आबा पुलोद सरकारात मंत्री झाले, तेव्हा तात्यांनी काय केलं असेल? शेळीचं दावं बदललं. मंत्री झाले म्हणून काही फरक पडेल, असं मानणारी ती माणसं नव्हती.

मतदानाचं वय ८५ला एकवीस होतं, त्यामुळे विधानसभेसाठी माझं पहिलं मत १९९०चं, तेही सासरच्या गावात. सकाळी मामंजींनी घरातल्या सगळ्या बायकांना ओसरीवर बसवून चिन्ह समजावलं. मी मान हलवली. त्या दिवशी शिक्का कुठे मारला ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

मग १९९५. शेषनसाहेबांचा काळ. भिंती कोऱ्या, कर्णे वेळेवर बंद. म्हातारी माणसं म्हणत, ही काय निवडणूक आहे का दहावा. मतदान फेब्रुवारीत झालं, मोजणी मार्चात. मधल्या दिवसांत दोन्ही घरांतून जिंकल्याचीच भाषा. मोजणीला माझा दादा शेकापकडून बसला आणि धाकटे भाऊजी काँग्रेसकडून. दोघं एकाच जाळीच्या अलीकडे, खांद्याला खांदा लावून.

मतपत्रिकांची मोजणी म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. पेट्या उलट्या करायच्या, कागद एकमेकांत मिसळायचे, चिन्हाप्रमाणे वेगळे करून पन्नासाचे गठ्ठे बांधायचे. खरं भांडण बाद मतांवरून. मतदाराने कागद ओल्या शाईसकट दुमडला की शिक्क्याचा ठसा समोरच्या चिन्हावर उमटतो. मग शिक्का मारलाय कुठे आणि उमटलाय कुठे? शिक्क्यातली बाणाची फुली मुद्दाम अशी केलेली की उमटलेली उलटी दिसावी. साहेब लोक कागद उजेडाकडे धरून ती सुलट की उलट ते बघत, आणि दोन्हीकडचे एजंट माना लांब करून ओरडत. दादा सांगतो, एका कागदावरून तो आणि भाऊजी इतके भांडले की पोलिसाने दोघांनाही बाहेर काढायची तंबी दिली. मग दोघं एकाच टपरीवर जाऊन चहा प्यायले. पैसे कुणी दिले, यावर मात्र अजून एकमत नाही.

काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. १९२ मतांनी.

त्या वर्षी राज्यभर काँग्रेस आपटली, युतीचं सरकार आलं. आणि आमच्या तालुक्यात, जिथे काँग्रेस वर्षानुवर्षं हरत होती, तिथे ती जिंकली. सासरी वाड्यापुढे हलगी वाजत होती. मी पुरणाचा घाट घातला. दुसऱ्या दिवशी माहेरी गेले तर चूल पेटलेली नव्हती. तात्या वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करत बसलेले. मला म्हणाले, "एकशे ब्याण्णव म्हंजी किती? सत्त्याण्णव माणसं. सत्त्याण्णव माणसं हिकडची तिकडं झाली असती तर आबा निवडून आले असते." आणि मग त्यांनी ती सत्त्याण्णव माणसं शोधायला सुरुवात केली. अमक्याच्या घरात लग्न होतं, पाच मतं गेली. तमका पंढरपूरला दवाखान्यात. सगळ्यांत मोठा आकडा ऊसतोडीला गेलेल्यांचा. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळप. आमच्या कोरड्या गावांतली बैलगाडी, बाई, पोरंबाळं सगळं साखरपट्ट्यात. मतदानाला परत यायचं तर मुकादमाची उचल आणि दोन दिवसांचा खाडा. हरले ते उसाने हरले, असं तात्यांचं मत ठरलं. ज्यांच्यासाठी आबांनी जन्मभर पाणी मागितलं, तेच पाणी नाही म्हणून बाहेर गेले आणि मत द्यायला गावात नव्हते.

सासरी हा हिशेब वेगळा. मामंजी म्हणत, तेहेतीस वर्षं झाली, शिवार कोरडंच, लोकांनी एकदा बदल करून बघितला. हेही खोटं नव्हतं. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींबरोबर पाणी परिषदा झाल्या, तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले, मोर्चे निघाले. पण कृष्णेचं पाणी टेंभू आणि म्हैसाळमार्गे आमच्या बाजूला सरकायला किती काळ गेला, ते आम्हीच जाणतो. जन्मभर बहुतेक विरोधी बाकांवर बसलेल्या आमदाराच्या शब्दाला निधीच्या वाटपात किती वजन असणार? आबांची बाजू घेणारे सूतगिरणी दाखवतात. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढली आणि ती नीट चालवली, हे राज्यात किती जणांना जमलं? मला वाटतं, दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि म्हणूनच फरक १९२चा पडला.

१९९९ला आबा परत आले, मग २००४, २००९, २०१४. मधे मतदारसंघांची फेररचना झाली, पंढरपूर तालुक्यातला भाळवणी भाग आमच्यात आला, लोकसभेला आम्ही माढ्यात गेलो. २०१४चा फरक २५,२२४. दादाने वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवून ठेवली: करुणानिधींचा विक्रम मोडला, जगातला विक्रम, असलं बरंच काही. माझ्या मुलाने मोबाइलवर शोधून दाखवलं की करुणानिधी मतदारसंघ बदलत लढायचे आणि केरळातले के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून याहूनही जास्त वेळा निवडून आले. दादा क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, "तिकडं पाऊस पडतो की रे. पावसात कोणबी निवडून येईल."

वयामुळे २०१९ला आबा थांबले. पक्षाने आधी दुसऱ्याचं नाव जाहीर केलं, कार्यकर्त्यांनी गलका केला आणि उमेदवारी नातवाकडे, डॉ. अनिकेत देशमुखांकडे गेली. समोर तेच शहाजीबापू, आता शिवसेनेचे, आणि त्यांच्या पाठीशी राष्ट्रवादीचे दीपकआबा साळुंखे. फरक ७६८. तात्या तेव्हा नव्हते, नाहीतर तीनशे पंच्याऐंशी माणसं शोधायला बसले असते. जुलै २०२१ला आबासाहेब गेले. पुढच्याच वर्षी शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीहून बापूंचा फोन महाराष्ट्रभर वाजला, आणि पुण्यात माझ्या मुलाला लोक विचारू लागले, "तू त्या 'काय झाडी, काय डोंगार'वाल्यांच्या गावचा का?" अकरा निवडणुकांनी तालुक्याला दिलेली ओळख एका फोनने मागे टाकली. दादाला याचा भयंकर राग. भाऊजींना सुरुवातीला गंमत वाटायची, पुढे त्यांनाही वाटेना.

२०२४ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, २५,३८६ मतांनी आले. माहेरी फटाके. गड परत घेतला, वारसा राखला, असं सगळीकडे छापून आलं. पण या वेळी दीपकआबा ठाकरेंच्या सेनेकडून उभे होते आणि त्यांनी ५०,९६२ मतं घेतली. ती आणि बापूंची ९०,८७० एकत्र केली तर नातवाच्या १,१६,२५६पेक्षा जास्तच भरतात. भाऊजी हे कागदावर मांडून दाखवतात. दादा म्हणतो, दीपकआबा नसते तर ती सगळी मतं बापूंनाच गेली असती, हे सांगितलं कुणी? दोघांचंही पटतं. तात्यांची वही आता या दोघांकडे आली आहे, एवढंच.

त्याच निवडणुकीत पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांना घरी मत देण्याची सोय होती. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, १९६२लाही मत दिलेलं. साहेब, शिपाई, पोलीस, शूटिंगवाला असे सगळे ओसरीवर आले. पुठ्ठ्याचा आडोसा मांडला. आत्याबाईंना दिसतं चांगलं, तरी भाऊजी मदतीला म्हणून पुढे सरकले. आत्याबाईंनी त्यांना हाताने बाहेर जायला सांगितलं, मग मला, मग उंबऱ्यात बसलेल्या पोरांना. खूण केली, पाकीट चिकटवलं, सहीऐवजी अंगठा दिला. माणसं गेल्यावर भाऊजींनी विचारलंच, "आई, कुणाला दिलं?"

"तुझ्या बापाला बासष्ट सालापासून सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या, "तुला सांगू व्हय?"