हिरड्यांतून रक्त येतंय? मग ब्रश बंद करू नका!

मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात मी रोज कितीतरी पेशंटना "आ करा" म्हणतो. जीभ बघतो, घसा बघतो. हिरड्यांकडे मात्र बरीच वर्षे मी नीट पाहिलेच नाही. दात हे डेंटिस्टचे काम, असे मी धरून चाललो होतो. हा समज माझा कसा मोडला, ते आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीतल्या एक ताई डायबेटिससाठी माझ्याकडे येत. गोळ्या वाढवल्या, भात कमी केला, तरी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) 9 च्या खाली येईना. एकदा उठता उठता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हल्ली भाकरी चावताना दात हलतात." टॉर्च घेऊन पाहिले. हिरड्या खाली सरकलेल्या, दातांची मुळे उघडी, सगळीकडे काळपट कीटण.

"ब्रश करता का ताई?"

"ब्रशने रक्त यायचं, म्हणून सोडला. आता मशेरी लावते. रक्त थांबलं बघा."

मी क्षणभर गप्प झालो, कारण हे वाक्य मी लहानपणी घरात ऐकले होते. माझी आई रत्नागिरीकडची. ती तव्यावर तंबाखू भाजायची तेव्हा आम्हा भावंडांना ठसका लागायचा. "मशेरीने हिरड्या घट्ट होतात, पोट साफ होतं," असे ती म्हणे. पन्नाशीत तिला कवळी लागली. मी तेव्हा एमडी करत होतो. कवळी बसवायला तिला मीच घेऊन गेलो, पण मशेरीबद्दल एक शब्द बोललो नाही. वय झाले की दात पडायचेच, असे मीही मानत होतो.

रक्त का येते?

दातांवर रोज जंतूंचा एक चिकट, पातळ थर बसतो. तो निघाला नाही तर हिरडीला सूज येते, आणि सुजलेल्या हिरडीला ब्रश लागला की रक्त येते. म्हणजे दोष बहुतेक वेळा ब्रशचा नसतो, साचलेल्या थराचा असतो. आपण घाबरून नेमकी तीच जागा घासायचे सोडतो. मग थर कडक होऊन त्याचे कीटण बनते, सूज खोल जाते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. हे सगळे बहुधा न दुखता होते.

मशेरीने रक्त थांबते ते रोग बरा झाल्यामुळे नव्हे. तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि धोक्याची खूण झाकली जाते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचेही तसेच होते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार?

साखर आणि हिरड्या

साखर जास्त असली की हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांची जुनाट सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर उपचार केल्यावर डायबेटिसच्या पेशंटमध्ये एचबीएवनसी पुढच्या तीन-चार महिन्यांत सरासरी 0.4 च्या आसपास उतरते, असे अभ्यासांत दिसले आहे.

रोज काय करायचे?

1. रात्रीचा ब्रश चुकवू नका. लोकलने उशिरा घरी, मग जेवण, मग थेट अंथरूण, हे उपनगरातल्या बहुतेक घरांत चालते. पण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. सकाळी घाई असेल, रात्री दोन मिनिटे काढाच.
2. मऊ ब्रश घ्या. तो हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे तिरका धरून हलक्या हाताने फिरवा. जोर लावल्याने दात स्वच्छ होत नाहीत, झिजतात. साधारण तीन महिन्यांनी ब्रश बदला.
3. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढीच घ्या. लहानग्यांना तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. घासून झाल्यावर थुंका, पण लगेच खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइड वाहून जाते.
4. दातांच्या फटी साफ करा. तिथे ब्रश पोचत नाही. फ्लॉस किंवा फटींसाठीचा छोटा ब्रश वापरा. टाचणी-काडीने कोरू नका.
5. सतत गोड चघळू नका. ऑफिसात दिवसभर घोट घोट साखरेचा चहा आणि बिस्किटे घेतल्याने दातांना उसंत मिळत नाही. लिंबू किंवा कोकम सरबतानंतर अर्धा तास ब्रश टाळा.

नीट घासायला लागल्यावर सुरुवातीला थोडे रक्त येईल. साधारण दोन आठवड्यांत ते कमी झाले नाही, दात हलत असतील किंवा पू येत असेल तर डेंटिस्टकडे जा. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवडे भरली नाही तर अजिबात थांबू नका. तुमच्या गोळ्यांची यादी सोबत न्या. ब्लडप्रेशरच्या अॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी हिरड्या फुगू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. खर्चाची काळजी असेल तर अंधेरी-बोरिवलीकरांना मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आणि मुलुंड-घाटकोपरकरांना सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय सोयीचे पडते.

त्या ताईंचे दोन दात काढावे लागले, बाकीचे वाचले. कीटण काढले, मशेरी कशीबशी सुटली. गोळ्या त्याच ठेवल्या, तरी तीन महिन्यांनी साखर 9.2 वरून 8.5 वर आली. त्यात त्यांच्या संध्याकाळच्या चालण्याचाही वाटा असणार.

आता "आ करा" म्हटल्यावर मी हिरड्याही पाहतो, आणि मशेरीबद्दल न लाजता विचारतो. तुम्हीही आज रात्री आरशासमोर ओठ वर करून पाहा. आणि घरात आई, सासूबाई किंवा आजी मशेरी लावत असतील तर त्यांच्याशी रागावून नव्हे, जवळ बसून बोला. माझे ते बोलणे राहून गेले.