कर्ण्यातली लावणी

सुलोचना चव्हाणांचं सगळ्यात सरस गाणं कोणतं, यावर आमच्या घरात तीन तट आहेत आणि समेटाची चिन्हं नाहीत. आमचे हे ‘सोळावं वरीस धोक्याचं’च्या बाजूचे. दीर ऊस लावतात, म्हणून त्यांचं मत ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ला. मी ‘कळीदार कपुरी पान’ची, आणि एकटी.

हे भांडण पुन्हा निघालं ते भाचीमुळे. ती पुण्यात शिकते आणि जपानी रॉक गाणाऱ्या कुणा गायिकेची भक्त आहे. त्या बाईचा कुठला अल्बम वर, कुठला खाली, कुठलं सुटं गाणं उगाच गाजलं, यावर ती हात वाळेपर्यंत बोलत बसते. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. पण तिचा आवेश मात्र ओळखीचा वाटला. “आत्या, तू तुझ्या बाईंची यादी लाव ना,” असं ती म्हणाली. लावते. आमच्या पिढीनं भक्ती केली, पण यादी लावायचं धाडस केलं नाही.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. सासर जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पट्ट्यात. म्हणजे तमाशाच्या ऐन मुलखात जन्म गेला. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला तिथं येतात. कुणाचा फड आणायचा यावरून गावात पार निवडणुकीसारखे गट पडतात. माझ्या लहानपणी विठाबाई नारायणगावकरांचं नाव निघालं की वाद तिथंच थांबायचा. वडिलांच्या बोलण्यात तर ते नाव पिकापाण्याइतकं सहज यायचं. तरी आम्हा बायकांना तो तंबू आतून कसा दिसतो, ते ठाऊक नव्हतं. यात्रेच्या रात्री आम्ही अंगणात निजायचो. वारा फिरला की ढोलकीचे बोल तुकड्या-तुकड्यानं यायचे, मध्येच शिट्ट्या. सकाळी फडाचा हजेरीचा खेळ असायचा, तेव्हा म्हाताऱ्या बायका देवळाच्या ओट्यावर लांब उभ्या राहून बघून घेत. आम्हा पोरींना त्या वेळी हटकून विहिरीवर पाणी आणायला धाडलेलं असे.

मग मला लावणी मिळाली कुठून? लिंबावर बांधलेल्या कर्ण्यातून. लग्न असो, बारसं असो, सत्यनारायण असो, मंचरहून लाऊडस्पीकरवाला यायचा. पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी, सुयांची डबी, बॅटरी, आणि दोन कर्णे. सकाळी देवाची गाणी, नवरदेव मांडवात येईपर्यंत सनई, आणि पंगती बसल्या की सुलोचनाबाई. ज्या बायकांना तंबूच्या वाऱ्याला उभं करत नसत, त्याच बायका चुलवणापाशी बसून ‘खेळताना रंग बाई होळीचा’ ऐकत बुंदी पाडायच्या. एकाही पुरुषानं कधी कर्णा बंद करायला सांगितल्याचं आठवत नाही. आजी तर रेकॉर्डच्या पाकिटावरचा फोटो दाखवून म्हणायची, “बघ, डोक्यावर पदर आहे. घरंदाज बाई आहे ती.”

त्या पदराचं मला कौतुक आहे आणि थोडा रागही आहे. सुलोचनाबाई गिरगावातल्या. मेळ्यांत कामं करून पुढे आलेल्या. त्या कधी कुठल्या फडावर नाचल्या नाहीत. डोक्यावरचा पदर ढळू न देता त्या लावणी म्हणायच्या, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण आमच्या नारायणगावच्या विठाबाईंनी नववा महिना भरलेला असताना बोर्डावर उभं राहायचं, मध्येच आत जाऊन बाळंत व्हायचं, पुन्हा नाचायला बाहेर यायचं, आणि तरी ती लावणी ‘वाईट’. आणि तीच लावणी तबकडीवर आली की ‘चांगली’, हा न्याय कुणी लावला? विठाबाईंना राष्ट्रपतींचं पदक मिळालं, त्या 2002 साली गेल्यावर सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कारही सुरू केला. आमच्या आजीचं मत काही त्यानं बदललं नसतं. सुलोचनाबाईंचा यात दोष नाही. उलट त्यांनी त्या दाराला फट पाडली आणि त्या फटीतून आम्ही ऐकलं. त्यांचं प्रत्येक गाणं मी याच मापानं मोजते: नाच नाही, पडदा नाही, बाई समोर नाही, नुसता कर्णा. तेवढ्यावर ते गाणं उभं राहतं का?

हे माप सोपं नाही. तंबूतली लावणी पाहिजे तेवढी लांबते. एकाच ओळीवर बाई दहा तऱ्हांनी अदा करते, मध्ये दौलतजादा होते, ढोलकीवाला आपली हौस भागवून घेतो. जुन्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्यात गाणं सुरू होऊन संपलंही पाहिजे. डोळा, भुवई, पायातले चाळ, सगळं गळ्यातून आलं पाहिजे. सुलोचनाबाई सांगायच्या की, शब्द कसा फेकायचा हे त्यांना त्यांचे यजमान, दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांनी शिकवलं. माझ्या मते ती शब्दफेक हेच त्यांचं सगळं भांडवल. सुरेल गळे तेव्हा पुष्कळ होते.

लग्नाआधीच्या सुलोचना कदम ऐकल्या की ते पटतं. 1951 च्या ‘ढोलक’ या हिंदी चित्रपटात श्यामसुंदरांच्या चालीवर त्यांनी गायलेलं ‘चोरी चोरी आग सी दिल में लगाकर’ आजही जुन्या गाण्यांचे शौकीन डोक्यावर घेतात. गोड आहे, नाही कोण म्हणतं? पण मला ती बाई वेगळीच वाटते. त्या आवाजात अजून मीठ पडलेलं नाही. मीठ पडायला सुरुवात झाली ती ‘हीच माझी लक्ष्मी’मधल्या लावणीपासून. वसंत देसाईंचं संगीत, पडद्यावर हंसा वाडकर. पुढे आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते कायमचं.

खरा बहर 1962 ते 1965 या चार वर्षांतला, आणि त्यातला अर्धा वाटा संगीतकार वसंत पवारांचा. ‘रंगल्या रात्री अशा’मध्ये जगदीश खेबूडकरांच्या लेखणीतून ‘नाव गाव कशाला पुसता’ आली, तीच ती कोल्हापूरची लवंगी मिरची. खेबूडकर पेशानं मास्तर होते. मीही जिल्हा परिषदेची मास्तरीण, म्हणून सांगते, असं लिहिणारा मास्तर मला एकही भेटला नाही. या गाण्यात सुलोचनाबाई ठसका देतात आणि लगेच मागे घेतात. मिरची तोंडात टाकून पुढच्या क्षणी पाणी हातात द्यावं, तसं. चार तऱ्हांनी वाजवलेली ढोलकी त्या गाण्यात आवाजाच्या पुढे कधी जात नाही. माझ्या यादीत हे तिसरं.

‘सोळावं वरीस धोक्याचं’ 1964 च्या ‘सवाल माझा ऐका’तलं. पुन्हा तीच जोडी, खेबूडकर आणि पवार, आणि पडद्यावर जयश्री गडकर. यजमानांची नाराजी पत्करून सांगते, हे गाणं चौथं. गाण्यात खोट नाही, खोट आपल्यात आहे. ऑर्केस्ट्रात, स्नेहसंमेलनात, गणपतीत, दहीहंडीत ते इतक्या गळ्यांतून निघालंय की मूळ रेकॉर्ड लावली तरी आपण नक्कल ऐकतोय असं वाटतं. मन लावून ऐकलं तर कळतं की नकला करणाऱ्या सगळ्या जणी सोळा वर्षांची नखरेल मुलगी उभी करतात. सुलोचनाबाईंच्या आवाजातली बाई मात्र सोळाची नाही, सोळाव्याचा धोका ओलांडून आलेली आहे आणि मागं वळून हसते आहे. तो हसण्याचा भाग कुणालाच उचलता आला नाही.

‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ 1965 च्या ‘मल्हारी मार्तंड’मधलं. गदिमांचे शब्द. दीरांचं म्हणणं असं, की तुरा आलेला ऊस बघून शेतकऱ्याच्या पोटात काय होतं ते ज्याला माहीत आहे, त्यालाच हे गाणं खऱ्या अर्थानं लागतं. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडायला लागतो आणि तोडीची चिठ्ठी कारखान्याकडून येईपर्यंत जीव टांगणीला. विघ्नहर काय नि भीमाशंकर काय, वाट सगळीकडे सारखीच बघावी लागते. गाण्यात उसाला कोल्ह्याची भीती घातलीय. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या उसात आता बिबट्याच वितो. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रसुद्धा आहे. दीर म्हणतात, आज लिहायचं तर माडगूळकरांना जनावर बदलावं लागेल. माझ्या यादीत हे दुसरं. यात आवाज मोकळा सुटतो, अगदी शिवारभर. कर्ण्यासाठीच केल्यासारखं गाणं आहे. नदीच्या पलीकडच्या गावात लावलं तरी अलीकडे शब्द न् शब्द ऐकू यायचा, आणि त्या काळातल्या कर्ण्यांतून शब्द ऐकू येणं ही गंमत नव्हती.

वसंत पवार 1965 साली गेले. त्यानंतर चित्रपटातल्या लावणीची सूत्रं राम कदमांकडे आली. 1972 चा ‘पिंजरा’ आला आणि गाव वेडं झालं. त्यातल्या लावण्या उषा मंगेशकरांच्या. त्या उत्तम आहेत, मी स्वतः कितीदा गुणगुणते. पण एवढ्या मोठ्या तमाशापटात सुलोचनाबाई नसाव्यात, ही सल मला आजही आहे. तसंच ‘सांगत्ये ऐका’मधल्या आशाबाईंच्या ‘बुगडी’चं. तो चित्रपट पुण्यात विजयानंदला अडीच वर्षांच्या आसपास चालला. आशाबाई ‘बुगडी’त लावणी म्हणणाऱ्या बाईची भूमिका इतकी बेमालूम करतात की टाळी द्यावी. सुलोचनाबाई भूमिका करत नाहीत. ऐकणाऱ्याला हा फरक सांगून कळत नाही, दोन्ही रेकॉर्डी एकापाठोपाठ लावाव्या लागतात.

आता पहिलं. ‘कळीदार कपुरी पान’ला चित्रपट नाही. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ही याच दोघांचं, हे कळलं तेव्हा मी चकित झाले होते. एकीकडे शाहीर साबळ्यांच्या गळ्यातून सह्याद्री उभा करणारे हे दोघे, आणि दुसरीकडे हा गोविंदविडा! खळे भावगीताचे माणूस, त्यामुळे चालीत उगाच खणखणाट नाही. ढोलकी दाराबाहेर बसल्यासारखी वाजते. सुलोचनाबाई आवाज चढवत नाहीत, ठसका जपून वापरतात, पानाला चुना लावावा तितकाच. आग्रह आहे, आर्जव आहे, आणि त्याखाली एक ऐट आहे की घेतलं तर घे. चुलवणापाशी बसलेल्या आमच्या बायकांना हे गाणं आलं की काम सुचत नसे. माझी एक चुलती, जिला नवऱ्यानं पंधरा वर्षांत नाव घेऊन हाक मारली नव्हती, ती या गाण्याला डोळे मिटून मान हलवायची. तिनं तमाशा कधीच पाहिला नाही. तिला पाहण्याची गरजही पडली नाही, कारण या गाण्यात पाहायचं असं बाहेर काही उरलेलंच नाही, सगळं आवाजात आलंय. माझ्या मापावर हे एकच गाणं शंभर टक्के उतरतं.

‘खेळताना रंग’ला मी यादीत घेतलं नाही म्हणून मैत्रिणी रागावतील. रंगपंचमीला ते हवंच, पण त्यात धमाल जास्त आणि गाणं कमी. कॅसेटी आल्या तेव्हा दुसऱ्याच मुलींच्या आवाजात, ऑक्टोपॅड घालून, या सगळ्या लावण्या पुन्हा निघाल्या. बैलगाडा घाटात अजून त्याच वाजतात. शर्यतींवरची बंदी उठून गाडे पळायला लागले, तशा त्या गाण्यांनाही पुन्हा बरे दिवस आले. बैल पळवायला ठीक आहेत. ज्यांना सुलोचनाबाईंची साथ ऐकायची असेल त्यांनी त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण यांची ढोलकी ऐकावी. आवाजाला जागा ठेवून कसं वाजवतात, ते तिथं कळतं.

2022 च्या आरंभी सुलोचनाबाईंना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी 10 डिसेंबरला त्या गेल्या. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “एवढ्या उशिरा दिली?” तिच्या जपानी बाईपेक्षा आमच्या बाईंवर जास्त अन्याय झाला, एवढं तरी तिनं मान्य केलं.

माझ्याकडे यातल्या थोड्या रेकॉर्डी आहेत, पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेल्या. बाकीच्या आमच्याच दोन तालुक्यांत कुणाकुणाच्या माळ्यावर धूळ खात आहेत, याची मला खात्री आहे. ओतूर, बेल्हे, मंचर, घोडेगाव, जिथं जिथं कर्णेवाल्यांचा धंदा होता, तिथं डीजे आल्यावर त्या पेट्या कुठं गेल्या? तुमच्या घरी अशी पेटी असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, आणि महामार्गावरच्या हॉटेलवाल्याला भिंतीवर खिळ्यानं ठोकायला तर मुळीच देऊ नका. आणि पेटी नसेल तर फोनवर ऐका, पण चित्र झाकून, फोन पालथा ठेवून. सुरुवात ‘कळीदार कपुरी पान’नं करा. ‘सोळावं वरीस’ शेवटी ठेवलं तरी चालेल, ते या ना त्या मांडवातून तुमच्या कानावर पडणारच आहे.