कोहळ्यांची तळी

सहलीचा विषय निघाला की धरमपेठेतील आपली कुटुंबे चिखलदरा, पचमढी किंवा गोव्याची नावे घेतात. नागपूरच्या पूर्वेस, वैनगंगेपलीकडे झाडीपट्टीचा रमणीय प्रदेश आहे, याचा आपणांस विसर पडतो. गेल्या कार्तिकात धर्मग्रामातील दोन तरुणांसह मी मोटारीने त्या वाटेने गेलो.

भंडाऱ्याचा पूल ओलांडला की धानाचे राज्य सुरू होते. साकोलीनंतर महामार्ग सोडून आम्ही नवेगावबांधकडे वळलो. कापलेल्या धानाच्या कडपा बांधींत पसरल्या होत्या. मातीच्या भिंतींची कवेलू घरे, शेणाने सारवलेली अंगणे आणि गावोगावी एक तळे! पूर्व विदर्भात अशी जवळजवळ सात हजार तळी आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने त्यांतील अनेक बांधली. जो तळे बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळे, असे परंपरा सांगते. उताराच्या तोंडाशी मातीची पार, जादा पाण्यासाठी सलंग आणि शेताला पाणी सोडण्यासाठी तुडुम. एवढ्याच साधनांवर त्यांनी शेकडो वर्षे धान पिकवला. डोंगरांच्या कुशीतील नवेगावचे तळे हे त्यांच्या कर्तृत्वाचे शिखर. कोलू पाटील कोहळी यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून याच परिसरात काही वर्षे घालविली.

वाटेतील एका लहान गावी पारीवर एक वृद्ध शेतकरी बसले होते. पार खचली होती आणि काठावर बेशरम माजली होती. आम्ही विचारपूस केली तेव्हा ते म्हणाले, “पानी आमचा, पार सरकारची. मंग फुटली त कोन बांधल जी?”

या एका प्रश्नात मोठा इतिहास सामावला आहे. मालगुजार असताना त्याच्या सांगण्यावरून सारा गाव दरवर्षी पारीवर माती टाकी. त्या व्यवस्थेत जुलूमही होता आणि ती गेली हे योग्यच झाले. परंतु १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपून तळी शासनाकडे आली, तेव्हा गावकऱ्यांचा हातही हळूहळू मागे सरला. जे सर्वांचे, ते कोणाचेच उरले नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची एक कथा आहे. अब्राहामाच्या काळी खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना दिली. वारसा नुसता मिळत नाही, तो पुन्हा खणावा लागतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले, त्याचा अर्थ मला त्या पारीवर अधिक स्पष्ट झाला.

सुदैवाने इसहाकाचे वारस तिथेही आहेत. भंडारा-गोंदियाच्या काही तळ्यांत ढीवर समाजाच्या स्त्रियांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आहेत, स्थानिक मासे परत आणले आहेत. कोणी त्यांना पाटीलकी दिलेली नाही.

आपल्या धर्मग्रामातही शाळा, दफनभूमी, मंदिराची विहीर, गरिबांसाठीचा निधी अशी अनेक तळी पूर्वजांनी बांधून ठेवली आहेत. “हे फादरांचे काम” असे म्हणून आपण पारीवरून उठून गेलो, तर त्यांतही बेशरमच माजेल. दरवर्षी प्रत्येकाने एक टोपली माती टाकली, तर पार टिकेल.